फोटोखालचा दिवा

छिंगफाची बायको अंधाराला फार भ्यायची. ती गेल्यावर त्याने पितरांच्या देव्हाऱ्याजवळ, भिंतीवरच्या तिच्या फोटोखाली, प्लगमध्ये खोचायचा एक छोटा दिवा लावला. त्यातून निळा, हिरवा, जांभळा असा मंद उजेड पालटत राहायचा.

"बाबा, इथे लाल दिवा असतो! पितर बसलेत की कराओके चाललंय? काढा तो आधी," मुलगा यूचेन चिडला.

"आणि तुझी आई अंधारात राहू दे होय? मी नाही काढणार. पितरांनाच विचार."

यूचेनने चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे हातात घेतले. एक उताणा आणि एक पालथा पडला, तरच पितरांचा होकार.

"काढू का?" नकार.

"मग राहू दे?" तोही नकार.

"अरे, मग यांना हवंय तरी काय!" यूचेनने कपाळावर हात मारला.

छिंगफाने बायकोच्या शेजारी टांगलेल्या आपल्या आईच्या फोटोकडे पाहिलं. मग ठोकळे उचलून हळूच विचारलं, "आई, सुनेला दिवा आणला आणि तुला नाही, म्हणून का गं?"



ठोकळे तीनदा टाकले. तीनदा होकार आला.