अडकलेली पानं

दाराची साखळी न काढता तिने फटीतूनच ओळखपत्र मागितलं. माणसाने ते आत सरकवलं. फोटो त्याचाच होता, पण ओळखपत्र काय, कुणीही छापून घेतं. त्याला जिन्यातच उभं ठेवून तिने इंटरनेट कंपनीला फोन लावला. आज कुणाला पाठवलंय, दिसायला कसा आहे, हे खोदून खोदून विचारलं. पलीकडची बाई वैतागून म्हणाली, उंच, चष्मेवाला, सारखे विनोद करतो आणि कुणी हसत नाही.

मग कुठे साखळी निघाली.

"झाली चौकशी? पगार विचारायचा राहिला," बूट काढता काढता तो म्हणाला. ती हसली नाही.

हे घर बहिणीने बघून दिलं होतं. कनेक्शनही बहिणीच्याच नावावर होतं. आपण आणि मुलगी कुठल्या गावात आहोत, हे नवऱ्याला कळता कामा नये, एवढीच सारी धडपड होती. 'सापडलीस तर बोलायला उरणार नाहीस,' असं तो म्हणाला होता, आवाजही न चढवता. तेव्हापासून जिन्यात पावलं वाजली की ती आधी दाराची साखळी तपासायची.

या माणसालाही तिने बोलावलं नसतं. पण ती घरी बसून पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासायची, आणि तपासून मेल केलेली पानं काही केल्या प्रकाशकाकडे पोचत नव्हती. काम हातचं जायची वेळ आली, तेव्हा नाइलाजाने तिने तक्रार नोंदवली.

अडवलंय आम्हीच, असं त्याने सांगून टाकलं. फसव्या जाहिरातींचा सुळसुळाट थांबवायला कंपनीने नवा नियम केला होता. घरगुती कनेक्शनवरून मर्यादेबाहेर मेल निघाले, की ते पुढे न जाता कंपनीकडेच अडकून राहायचे.

"आणि ताई, तुमच्या घरातून निवडणूक लढवल्यासारखे मेल निघतायत."

आपण दिवसाला जेमतेम दोन-तीन पाठवतो, असं ती म्हणाली. त्याने लॅपटॉप पुढे ओढला. एकेक फाइल उघडून तो बघत गेला. विनोदही केला नाही. मग हा कुठून घेतला, असं त्याने विचारलं. घर सोडताना घाईत उचलला होता. त्याच्या थोडं आधी नवऱ्याने तो स्वतः नेऊन दुरुस्त करून आणला होता.

त्याने स्क्रीन तिच्याकडे वळवली.

लॅपटॉपमध्ये एक प्रोग्रॅम दडवलेला होता. थोड्या थोड्या वेळाने तो कॅमेऱ्यातून फोटो काढायचा आणि एकाच पत्त्यावर मेल करायचा. पत्ता नवऱ्याच्या दुकानाचा होता. फोटोत हीच खोली होती. टेबलाशी गणवेशातली मुलगी वहीवर वाकलेली. तिच्यामागे खिडकी, आणि खिडकीतून समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी दिसत होती, रस्त्याच्या आणि गावाच्या नावासकट.

तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली. "यातले किती गेले?"

"थांबा, बघतो."

त्याने आपल्या फोनवर कंपनीची नोंद उघडली आणि बोटाने खाली खाली सरकवत गेला. ती त्याच्या खांद्यावरून वाकून बघत होती.

"एकही नाही," तो म्हणाला. "कनेक्शन जोडल्या जोडल्या याने साठवलेला गठ्ठा एकदम ढकलला. असा गठ्ठा आला की आम्ही पहिल्यापासून अख्खा अडवतो. नंतरचंही सगळं त्याच्यामागे अडकलं. तुमची पानंसुद्धा."

"एकही नाही?"

"एकही नाही, ताई."

तिने पुन्हा विचारलं. त्याने पुन्हा तेच सांगितलं. मग ती खाली बसली आणि तिचे खांदे हलायला लागले. रडतेय की हसतेय ते तिलाही कळेना. एवढे दिवस ज्या अडथळ्याच्या नावाने बोटं मोडली, त्यानेच दोघींना वाचवलं होतं.

त्याने प्रोग्रॅम मुळापासून काढला, कॅमेऱ्यावर पट्टी चिकटवली. ती चहा टाकायला आत गेली. तो ऑफिसला फोनवर सांगत होता, मशीन साफ झालंय, कनेक्शन मोकळं करा. किती दिवसांनी तिने घरातला रेडिओ लावला. मुलगी शाळेतून निघाली असेल. आज तिला खिडकीत बसू द्यायचं, असं तिने ठरवलं.

चहा पिता पिता त्याने मेहुण्यावरून एक विनोद केला. ती मनापासून हसली. तो इतका चकित झाला की त्याने तोच विनोद पुन्हा सांगितला.

तो बूट घालत असताना तिचा फोन वाजला. प्रकाशक होता. तिने ऐकलं, आभार मानले, आणि उजळलेल्या चेहऱ्याने दाराशी आली.

"माझी अडकलेली सगळी पानं आत्ता एकदम पोचली म्हणे."

"पोचणारच," नाडी बांधता बांधता तो म्हणाला. "कनेक्शन मोकळं झालं, की अडवलेले सगळे मेल आपोआप..."

तो वाकलेलाच राहिला. नाडी त्याच्या बोटांतून सुटली.