दोरीची गाठ

पहिली बुडी आटोपून सहाही शिकाऊ पाणबुडे बोटीवर कुडकुडत होते. मास्तरांनी ओले पोशाख उतरवायला लावले, थर्मासमधलं गरम पाणी सगळ्यांना पाजलं आणि स्वतःची लोकरी टोपी त्या सहांतल्याच आपल्या नातीच्या ओल्या केसांवर चढवली. स्वतः मात्र ओल्या पोशाखातच राहिले. नेहमीप्रमाणे दोरीचा तुकडा हातोहाती फिरवला. गाठ मारता आली, तरच दुसरी बुडी. गारठलेली बोटं पाण्याखाली दगा देतात. साऱ्यांना गाठ जमली. "आता तुम्ही, आजोबा," नात म्हणाली. "मी? अगं, चाळीस वर्षं गाठीच मारतोय!" ते हसले आणि त्यांनी दोरी हातात घेतली. ती निसटली. पुन्हा घेतली, पुन्हा निसटली. कुणी हसलं नाही. मास्तरांनी आपल्या बोटांकडे पाहिलं. खाली नातीचा हात याच बोटांत असणार होता. तिने टोपी काढून त्यांच्या डोक्यावर घट्ट बसवली. "नियम तुमचाच, आजोबा. उतरवा पोशाख."