गुरुवारचा इंग्रजीचा तास

मुलीनं आयरिश नवरा केला, म्हणून फिनलंडमधल्या कुओपिओच्या वेइक्को आणि आयरी या नवराबायकोनं साठीनंतर इंग्रजीचा वर्ग लावला. त्या गुरुवारी वेइक्को वेळेवर पोचला. आयरी वाचनालयात पुस्तकं परत करून मागाहून आली. शिकवणाऱ्या बाईंनी तिला नवऱ्यासमोर बसवलं आणि म्हणाल्या, "आवडीनिवडी विचारा. 'डू यू लाइक'नं सुरुवात करा."

आयरीनं आधी सोपा प्रश्न घेतला. "तुला माझं वाटाण्याचं सूप आवडतं का?"

"नाही, आवडत नाही," वेइक्को स्वच्छ इंग्रजीत म्हणाला.

दर गुरुवारी वाडगं चाटूनपुसून खाणारा हा माणूस! आयरी जरा पुढं सरकली. "माझं गाणं आवडतं का?"

"नाही, आवडत नाही."

"आणि मी? मी आवडते का?"

"नाही, आवडत नाहीस."

बाईंनी त्याला शाबासकी दिली.

संध्याकाळी वेइक्कोच्या पुढ्यात नुसता पाव आदळला.

"सूप कुठंय गं?"

"आवडत नाही ना तुला? मीसुद्धा आवडत नाही! जन्मभर तोंडातून शब्द काढला नाहीस, आणि काढलास तो चारचौघांत, तोही असा?"

"अगं, तू यायच्या आधी बाईंनी रांगा वाटून दिल्या होत्या. आमच्या रांगेला आज फक्त 'नाही' म्हणायचं होतं."

 

पाव मोडत वेइक्को पुढं म्हणाला, "'हो' पुढच्या गुरुवारी आहे."