गुडघ्याचं कसब

कार कारखान्याच्या कँटीनमध्ये वाद पेटला होता, आपली कामं परदेशात का जातात? वेल्डर म्हणाला, “तिकडे मजुरी स्वस्त.” पेंटर सरकारच्या नावाने बोटं मोडत होता.

दारकाका मात्र निवांत चहा पीत होते. जन्मभर गाड्यांना दारं बसवली, म्हणून हे नाव. घरी बायको म्हणायची, “एवढ्या गाड्यांना दारं लावलीत, मला कधी दाराबाहेर नेलंत?” त्यामुळे काकांची काय ती ऐट कँटीनमध्येच.

“मशिनं नेतील रे, पण माझा गुडघा कसा नेतील?” काका म्हणाले. “दार बिजागरीवर चढवायचं आणि गुडघ्याने अस्सा हलका रेटा द्यायचा. कुठल्या पुस्तकात नाही ते. तिकडच्या लोकांना शिकवणार कोण, डोंबल?”

सगळ्यांना जरा धीर आला. वेल्डरने तर काकांना आपल्यातलं बिस्किट दिलं.

तेवढ्यात मॅनेजरसाहेब टेबलापाशी आले. “काका, पासपोर्ट आहे ना? तिकडच्या नव्या कारखान्यात जरा दारं बसवायला शिकवून यायचंय.”



“आहे की साहेब!” काका ताडकन उठले. “बायकोलाही नेता येईल ना?”