हळदीचं बोट

निळ्या दिव्याखाली पांढऱ्या बनियनच्या आतल्या शिवणीत हळदीचा ठिपका चमकला. तपासणीवाल्या पायलनं मान वर करायच्या आत माणिकबाई मशीनवरून उठून आल्या.

"माह्यंच बोट हाय ते," त्या म्हणाल्या.

अमरावतीजवळच्या त्या कारखान्यात एका खासगी कंपनीच्या अंतराळ प्रवाशांसाठी आतून घालायचे सुती कपडे शिवले जात. तिकीट काढून माणसं वर जायची, चार दिवस राहून यायची. कपड्यावर रंगाचा कणही चालत नसे. पायलनं बनियन बाद केला. पुन्हा असं झालं, तर साहेब त्यांना उशांच्या खोळी शिवायला बसवतील, हेही सांगून टाकलं.

माणिकबाईंनी वाद घातला नाही. हा बनियन घालणारा माणूस कोण, कुठला, एवढंच विचारलं. पायलला ठाऊक नव्हतं. कागदावर फक्त नंबर होता आणि मापं. मापं माणिकबाईंनाही पाठ होती. छाती अडतीस, डावा खांदा किंचित उतरलेला.

"नवं कापड अंगात घालाच्या आंदी त्याले कोनी बोट लावत असंल का?"

"त्यायच्यात नसते तसं, मावशी. एवढं महागाचं तिकीट काढलं त्यानं, अन् तुमी हळदीवर अडून बसल्या."

"एवढ्या दूर जाऊन राह्यला. कोऱ्या कपड्यानं कसं धाडावं?"

तरी त्यांनी साबणानं तीनदा हात धुतले आणि दुसरा बनियन शिवून दिला. निळ्या दिव्याखाली तो स्वच्छ निघाला. बाद झालेला पुसायच्या चिंध्यांत चालला होता, तो त्यांनी मागून घेतला आणि घरी देवघराशेजारच्या खुंटीला टांगला.

दोन महिन्यांनी पायलनं मोबाईलवर यान उडताना दाखवलं. आत चौघे होते, जाडजूड पोशाखातले. कोणाचा खांदा उतरलेला, ते काही कळेना.

त्या संध्याकाळी माणिकबाई घरी आल्या, तर त्यांचे यजमान पुंजाराम तोच बनियन घालून ओसरीवर बसलेले. डाव्या खांद्यावरून तो ओघळत होता.

"कापड झ्याक हाय," ते म्हणाले. "पन शिवताना चुकली तू."

"काढा तो," माणिकबाई म्हणाल्या. "ज्याचा हाय, तो अजून खाली उतरला नाही."