बाजूला ठेवलेले दाणे

देवदत्तनं भरदुपारी एक बिअर आणि दोन ग्लास मागवले. वेटरनं विचारलं, “साहेब, अजून कोणी येणारेत?” देवदत्तनं समोरची रिकामी खुर्ची सरळ केली. पस्तीस वर्षांपूर्वी नोकरी लागली तेव्हा सोलापुरातल्या याच बारमध्ये त्याच्या मित्रानं, नंदूनं, त्याला पहिली बिअर मागवायला लावली होती. पुजाऱ्याच्या घरातला देवदत्त इतका भेदरला, की जेवणाआधीच्या सवयीनं त्यानं बशीभोवती पाणी फिरवलं आणि चित्राहुतीसारखे पाच शेंगदाणे देवासाठी बाजूला ठेवले. नंदू खुर्चीतून पडेपर्यंत हसला. “येड्या, देव काय बारमध्ये येतोय व्हय? आण इकडं, मीच खातो की!” पुढं दरवेळी देवदत्तनं मुद्दाम दाणे ठेवले आणि नंदूनं ते मटकावले. परवा नंदूचा तेरावा झाला. आजही देवदत्तनं पाणी फिरवलं, पाच दाणे ठेवले. बाटली संपली. वेटर टेबल पुसायला आला, तसा त्यानं दाण्यांवर तळहात धरला. “थांब जरा.”