भिंतीवरचं वाक्य

नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यासाठी शिलाईवाल्या मावशींनी कचेरीत अकरा खेपा घातल्या. दरवेळी पंखा सुरू, खुर्चीच्या पाठीला कोट लटकलेला आणि साहेब गायब! बाराव्या खेपेला त्या लाल रंगाचा डबा घेऊनच गेल्या आणि कचेरीच्या भिंतीवर हातभर अक्षरांत लिहून आल्या, 'साहेब जागेवर नसतात.'

हे मात्र साहेबांना तासाभरात कळलं. सरकारी भिंत विद्रूप केल्याची फिर्याद द्यायला ते जातीनं पोलीस चौकीत गेले. "या बाईला चांगली अद्दल घडवा," म्हणाले. भिंत पुसायची सोय उरली नाही, कारण आता ती पुरावा होती.

दीड वर्षात नऊ तारखा पडल्या. मावशी दर तारखेला शिलाई मशीन बंद ठेवून कोर्टात हजर. आजही शिपायानं दारात उभं राहून साहेबांच्या नावाचा तीनदा पुकारा केला. कुणीच आलं नाही. जजसाहेबांनी सवयीनं कागदावर लिहिलं, 'फिर्यादी गैरहजर.'

मावशींनी हात जोडले. "मी तर एकदाच लिहिलं होतं, जजसाहेब. तुमची ही नववी वेळ."